पाचव्या वर्षी मेंदू पूर्ण, साठीत बुद्धी नाठी? थांबा जरा

सध्या दादर-परळच्या सोसायटी ग्रुप्सवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे मेंदू पाचव्या वर्षापर्यंत ९० टक्के तयार होतो, स्वभाव सातव्या वर्षी फिक्स आणि साठीनंतर बुद्धी उतरणीला. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' हे आहेच वर.

आधी ते ९० टक्के. आकडा खोटा नाही, पण तो साइजचा आहे हो! आतली जोडणी, नको असलेली कनेक्शन्स छाटणं हे पार विशीपर्यंत चालू असतं, खास करून कपाळामागच्या भागात, जिथून प्लॅनिंग आणि स्वतःला आवरणं चालतं.

स्वभाव? लहानपणचा रंग थोडा उरतो, मान्य. पण ब्रेंट रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी २००६ मध्ये त्याच लोकांच्या मागे वर्षानुवर्षं राहून केलेले ९२ अभ्यास एकत्र तपासले, तर सगळ्यात जास्त बदल २० ते ४० या वयात दिसला, माणसं जास्त जबाबदार आणि स्थिर होतात. सातव्या वर्षी फिक्स म्हणे.

आता साठी, खरी गोची इथे आहे. समजा लालबागच्या चाळीतली चौथी पास आजी आणि तिची इंजिनियर नात, दोघींना एकाच दिवशी आकृत्या फिरवून ओळखायचा पेपर दिला. नात पुढे जाणारच, आजीने असला पेपर जन्मात पाहिलेला नाही, मग हा फरक वयाचा की शाळेचा? जुने बरेच निष्कर्ष अशाच एका दिवसाच्या तुलनेतून आलेत. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला अभ्यास सुरू केला, दर सात वर्षांनी त्याच लोकांना परत तपासलं आणि सोबत नवीन लोकही घेत गेले, तेव्हा बहुतेकांची बहुतेक कौशल्यं साठीपर्यंत टिकलेली दिसली. अर्थात यातही मेख आहे, आजारी माणसं मधेच गळतात आणि उरलेल्यांचे आकडे जरा जास्तच छान दिसतात. शिवाय वेग कमी होतो तो होतोच, आणि तोही साठीच्या कितीतरी आधीपासून, ओटीपी टाइप करेपर्यंत वेळ संपते ती उगाच नाही. पण शब्दसंग्रह, जगाची माहिती हे साठीतही चांगलं राहतं, कधी वाढतंसुद्धा. 'बुद्धी' म्हणून एकच पारा नाहीये जो सरसकट खाली येतो.

आणि हो, त्या फॉरवर्डच्या तळाशी तीन वर्षांच्या मुलांच्या ब्रेन क्लासची लिंक आहे. फी विचारून बघा.