पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरची मनधरणी का करायची?

गाडी तपासायच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली, लॅपटॉपच्या पोर्टात खोचलेला आहे आणि स्क्रीनवर मात्र ‘हार्डवेअर की नॉट फाउंड’, म्हणे किल्लीच सापडत नाही. अरे भो, डोळ्यांसमोर आहे ना तो! अजून कुठे शोधायचा?

बाहेर सावद्याकडची केळीची पिकअप उभी आहे. बीएस6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक; गाडी ओढतच नाही. कोड तोंडपाठ आहे, पी2463, फिल्टरमध्ये काजळी साचलीय. एप्रिल 2020 च्या आधीच्या बहुतेक पिकअपना ही भानगडच नव्हती. हिला फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळून फिल्टर मोकळा करणं, लॅपटॉपवरूनच द्यावं लागतं, आणि लॅपटॉप आधी लायसन्स मागतो. इंजेक्टर बदलला तरी त्याच्यावरचा कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरायला परत हेच सॉफ्टवेअर. हात माझे, गॅरेज माझं, गिऱ्हाईक माझं, आणि कामाची परवानगी अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्याकडे! ड्रायव्हर टायरवर बसून सारखा विचारतोय, “मिस्तरी, आज व्हई ना?” त्याची फेरी बुडाली, हप्ता डोक्यावर. त्याला काय सांगू?

सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनवर एकच पाढा. अनइन्स्टॉल करा, परत टाका. टाकलं. दुसऱ्या पोर्टात लावा. लावला. यूएसबी हब काढा. हब नव्हताच! मग ‘तक्रार नोंदवली आहे’ म्हणून फोन ठेवून देतात.

खरं कारण शेवटी धुळ्याच्या एका मिस्तरीने सांगितलं. रात्रीतून लॅपटॉपचा अपडेट झाला, मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा चालू झाली आणि डोंगलचा जुना ड्रायव्हर, म्हणजे त्याला लॅपटॉपशी जोडणारा प्रोग्रॅम, तिथेच अडकला. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर पिवळं चिन्ह, डोंगलचा लाइट विझलेला. लाइट विझलेला म्हणजे ड्रायव्हर चढलेला नाही. लाइट पेटूनही एरर येत असेल तर घोळ लायसन्सचा. एवढं साधं हेल्पलाइनवाल्याला सांगता येऊ नये? लॅपटॉपच्या आतला छोटा सेल उतरून तारीख मागे गेली तरी लायसन्स बोंबलतं, हेही त्याच मिस्तरीकडून कळलं. पगार कुणाला मिळतो आणि काम कोण करतंय!

संताप होतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्यांनी पेनड्राइव्हवरून क्रॅक, म्हणजे लायसन्स फोडलेली चोरीची कॉपी, मारलीय, त्यांना डोंगलच लागत नाही. त्यांची गाडी स्कॅन होऊन निघून जाते. पावती घेऊन, दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे भरून बसलेला माणूसच चोर ठरतो. वर डोंगल तुटला किंवा हरवला तर नव्या लायसन्सएवढे पैसे मागतात. जळगावच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, धुळीत आणि डिझेलच्या हातांनी वापरायची वस्तू आहे ही, एसी ऑफिसातली नव्हे.

कंपनीवाल्यांनो, डोंगल चालला नाही तर त्याच दिवशी तात्पुरतं ऑनलाइन लायसन्स द्या. नवा ड्रायव्हर अपडेटच्या आधी पाठवा, गाड्या अडकल्यावर नाही. आणि हेल्पलाइनवर डिव्हाइस मॅनेजर स्वतः उघडून पाहिलेला माणूस बसवा. नूतनीकरणाचे पैसे याच कामाचे घेता ना?