नजर ‘आपोआप’ तयार होत नाही

वीस वर्षं बातमीदारी केली की माध्यम-समीक्षकाची नजर आपोआप येते, हे माध्यम-समीक्षेवरच्या तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. उलट बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या बातमीक्षेत्रात, मुरलेल्याला तिथलंच काही खटकेनासं होतं. नजर मोजमापातून येते. एकाच दिवसाचे चार पेपर घ्या, पण आवृत्ती एकच हवी. पुणे शहर आवृत्तीशेजारी जुन्नर-इंदापूरकडे जाणारी डाक आवृत्ती ठेवली तर हसं होतं: डाक आधी छापून सुटते, रात्री उशिराची बातमी तिच्यात नसतेच, आणि आपण ‘बातमी दाबली’ म्हणून मोकळे! मग पट्टीने कॉलम-सेंटिमीटर, म्हणजे बातमीला कॉलममध्ये किती जागा दिली ते मोजा. महापालिकेची प्रेसनोट शेजारी ठेवून किती वाक्यं जशीच्या तशी उतरलीत ते अधोरेखित करा. बायलाइन (बातमीदाराचं नाव) नाही, दुसरी बाजू नाही आणि तोच मजकूर दुसऱ्या पेपरातही असेल, तर पैशाचा वास घ्यायला हरकत नाही. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतल्या ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, पत्रकार पी. साईनाथ यांनी बोट ठेवलं ते अशाच शब्दशः जुळणाऱ्या मजकुरावरून.

लेखात प्रेस कौन्सिलचा, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेचा, उल्लेखही राहिलाय. आधी संपादकाला पत्र, मग दैनिकाबाबत छापल्यापासून दोन महिन्यांत तक्रार, सोबत कात्रण. त्यावर तारीख, पान आणि आवृत्ती लिहायला लोक हमखास विसरतात. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड मात्र करू शकत नाही.