सुतारकाम, शिवण, चित्रकला ‘अभ्यासात मागे’ असणाऱ्यांसाठी नाहीत

हायस्कूलमधले हस्तकला आणि कलेचे तास ‘गणित-विज्ञान न जमणाऱ्यांसाठी’ असतात, असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. फळी कापताना करवतीच्या पात्याची जाडी मापात धरली नाही, तर चौकटीचा सांधा बसत नाही. ही भूमितीच आहे. मातीचं भांडं पुरतं वाळवल्याशिवाय भट्टीत घातलं, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं. हे विज्ञान हाताला कळलं की विसरत नाही. फिनलंडने तर १८६६ मध्येच हस्तकौशल्य शालेय शिक्षणात आणलं. ‘उपजत कला हवी’ हेही खरं नाही, रेखाटन सरावाने येतं. हुशार मुलांना या तासांपासून दूर ठेवू नका, ही कळकळीची विनंती.