कलादालनाचं दार संध्याकाळी उघडं ठेवा

गोव्यातल्या छोट्या कलादालनांबद्दल बरेच दिवस मनात साठलं आहे. आज सगळं लिहून टाकते. पोस्ट लांब होणार आहे, पण फोंडा, डिचोली, सांगे, सत्तरीकडच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

माझी मागणी दोनच गोष्टींची. प्रदर्शन तीन-चार दिवसांत उतरवू नका, निदान महिनाभर राहू द्या. आणि दार संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं ठेवा.

आत्ता काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गुरुवारी उद्घाटन. समई, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची भाषणं, चित्रांपुढे उभं राहून फोटो. रविवारी चित्रं उतरतात आणि सोमवारी त्याच हॉलमध्ये कुणाची तरी बैठक असते. वेळ दहा ते एक आणि तीन ते सहा. आता कुंडईच्या किंवा बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा माणूस यात कधी बसणार? शाळा सुटली की मुलं क्लासला पळतात. घरातल्या बायकांना मोकळीक मिळते ती पाचनंतर, तीही सगळ्यांना नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे दालन बांधलं, ते मोकळे होतात तेव्हा त्याला कुलूप असतं. आणि मग समितीवरची माणसं म्हणतात, आपल्या लोकांना चित्रांत रसच नाही.

हे मला अजिबात मान्य नाही. आमच्याकडे जत्रेचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि म्हातारीकोतारी माणसं चादर गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात. चतुर्थीत माशेलला गणपतीचे देखावे बघायला बाहेरगावाहून गाड्या येतात. कुंभारजुव्याच्या सांगोड उत्सवाला दोन होड्या एकत्र बांधून त्यांच्यावर उभे केलेले देखावे बघायला लोक काठावर दाटीवाटीने थांबतात. शिगम्याच्या चित्ररथांसाठी तर पोरं कितीतरी रात्री जागून थर्माकोल कापतात, लोखंडी सांगाडे जोडतात, रंग देतात. रंग, आकार, प्रकाश यांची इतकी जाण असलेल्या माणसांना चित्रांत रस नाही म्हणायचं?

मी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवते. वर्गात चित्रकार दीनानाथ दलाल मडगावचे, असं सांगितलं की मुलं एकमेकांकडे बघतात. 1916 साली मडगावात जन्मलेला हा माणूस मुंबईला जातो, 1945 साली 'दीपावली' अंक काढतो आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांतून घराघरांत पोचतो. आणखीही चित्रकार आहेत. फ्रान्सिस न्यूटन सूझा साळगावचे, लक्ष्मण पै मडगावचे, आंतोनिओ झेवियर त्रिंदाद सांग्याचे. वासुदेव गायतोंडे जन्मले नागपूरला, पण घराणं गोव्याचंच. यांतले बहुतेक मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. इथं शिकायची सोय नव्हती. आपलं कला महाविद्यालय सुरू झालं 1972 साली, मुक्तीनंतर अकरा वर्षांनी. तोवर कित्येक पिढ्यांना चित्र काढायचं म्हणजे घर सोडायचं, हेच ठाऊक होतं. त्यांची चित्रंही त्यांच्याबरोबर गेली. ती इथल्या मुलांच्या डोळ्यांपुढे आणणं हे आपल्या दालनांचं पहिलं काम नाही का?

पणजीत आणि आसपास कामं होतात, चांगली होतात. आल्तिनोवर 2009 पासून सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत 2015 साली चित्रकार सुबोध केरकरांनी म्युझियम ऑफ गोवा उभं केलं. 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो आणि पणजीच्या जुन्या इमारतीच्या इमारती चित्रांनी, मांडणशिल्पांनी भरून जातात. त्रिंदादांची चित्रं फोंतेन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत बघायला मिळतात. सांत इस्तेव्हचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. फोन्सेकांनी येशूच्या आईला, मेरीला, साडी नेसवली, आपल्या मातीतली बाई म्हणून रंगवलं, त्यावरून टीका सोसली आणि पुढे पुण्यात जाऊन काम केलं. ही चित्रं बघून मी किती वेळ नुसती बसून राहिले होते. पण सांग्याच्या मुलाला सांग्याच्याच त्रिंदादांचं चित्र बघायला पणजीची बस धरावी लागते, संध्याकाळच्या परतीच्या बसकडे डोळे लावून. हे मला बोचतं.

मूळ चित्रं तालुक्याला आणणं सोपं नाही, हे मला कळतं. विमा लागतो, पहारा लागतो आणि आपल्या पावसाळ्यात भिंतींना जी ओल येते तिच्यात कागदावरचं चित्र महिनाभर टांगणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. मग चांगल्या, मूळ आकाराच्या छापील प्रती आणा. खाली कार्डावर मराठीत आणि कोकणीत चार ओळी लिहा, फक्त इंग्रजीत नको. जून ते सप्टेंबर भिंती रिकाम्या राहिल्या तरी चालतील, त्या महिन्यांत हॉलमध्ये माणसं बसवा.

माणसं म्हणजे कोण? तर ज्यांचे हात आधीच चालतात ती. चतुर्थीआधी गावोगावच्या चित्रशाळांत चिकणमातीचे गणपती घडत असतात. पिढ्यानपिढ्या एकाच घरात हे काम चालतं. त्यातला एखादा मूर्तिकार एक संध्याकाळ दालनात येऊन सगळ्यांसमोर मूर्तीचे डोळे आखेल, ब्रश कसा धरायचा, श्वास कुठे रोखायचा ते सांगेल, तर मुलं पापणी न हलवता बघतील. चतुर्थीत गणपतीवर रानफळांची माटोळी बांधणारी माणसं बोलवा. कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं, ते चांगलंच आहे, पण स्पर्धेत परीक्षक येऊन बघून जातात. कवंडळं, कांगलं, चिबूड, सुपारीचा घड, नारळांचा घड यांची रचना मनात कशी ठरते, रानातलं कुठलं फळ आता मिळेनासं झालं आहे, हे कोण विचारतं?

आणि कावी. जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार सळीने कोरून खालचा पांढरा रंग उघडा करायचा, अशी ही कला. देवळांचा जीर्णोद्धार झाला, सिमेंट आलं, वरून ऑइलपेंट लागला आणि कित्येक भिंती गेल्या. हे मुलांना फोटो दाखवून समजत नाही. एका फळीवर चुना लावून हातात सळी द्या. थर वाळायच्या आत रेघ संपवायची, खाडाखोड नाही. एकदा हे केलेलं मूल देवळातल्या भिंतीवरून पुन्हा नुसती नजर फिरवून पुढे जाणार नाही.

त्याऐवजी आपण काय करतो? 'माझा सुंदर गोवा' विषयावर स्पर्धा. शंभर कागदांवर समुद्र, माड आणि मावळता सूर्य. तीन बक्षिसं, बाकीच्यांना प्रमाणपत्र, की झाला कार्यक्रम. सहभागाचा आकडा अहवालात जातो. मुलांनी एकमेकांची चित्रंसुद्धा धड पाहिलेली नसतात. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मला याचा खरोखर राग येतो.

एकदा एका छोट्या दालनात खाजन शेतीची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांची, निसर्गचित्रं लागली होती. एक वयस्क शेतकरी एका चित्रापुढे थांबले आणि म्हणाले, ही मानस (बांधातलं पाण्याचं दार) उलटी काढली आहे, भरतीचं पाणी आत घेईल, शेत बुडेल. चित्रकार तिथेच होता. रागवायचं सोडून त्याने खुर्ची आणून दिली. मग भरती आली की मानशीचं दार पाण्याच्या रेट्याने आपोआप कसं बंद होतं, ओहोटीला कसं उघडतं, बांध फुटला की गाव कसं धावायचं, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. बघता बघता भोवती दहाबारा माणसं जमली. त्या संध्याकाळी जे झालं त्याला मी कलादालन म्हणते. आणि ते होऊ शकलं, कारण त्या दिवशी दार उशिरापर्यंत उघडं होतं आणि चित्रकार उद्घाटन आटपून निघून गेला नव्हता.

खर्चाचं विचाराल, तर दिव्यांचं बिल आणि एका माणसाचा पगार. शिपाई नको. चित्रांबद्दल बोलू शकेल, आलेल्याला 'या, बसा' म्हणेल असा माणूस हवा. कला महाविद्यालयातून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यांतल्या कित्येकांना गावातच काम हवं असतं. उद्घाटनाचा मंडप, हारतुरे, छापील पत्रिका यांवर जातं त्यातून सुरुवात नक्की होईल.

शेवटी एक ठोस काम सुचवते. आपल्या गावोगावच्या नाटकांत पूर्वी रंगवलेले पडदे असायचे. राजवाडा, रस्ता, जंगल, कुटी. मांडवात ते वरून सोडले की टाळ्या पडायच्या. रंगवणारे बहुतेक गावातलेच, साइनबोर्ड करणारे, मूर्ती रंगवणारे. आता फ्लेक्स आणि एलईडी आले. ते पडदे कुठे गेले? काही देवळांच्या माडीवर, काही मंडळांच्या पेट्यांत गुंडाळून असतील, उंदीर-वाळवी खात असेल. एका तालुक्याचे मिळतील तेवढे पडदे दालनात महिनाभर टांगले तर त्यांच्याखाली उभं राहून जुने नट बोलतील, रंगवणाऱ्याची नातवंडं येतील, मुलांना एवढ्या मोठ्या कापडावर माप कसं घ्यायचं ते कळेल. याला विमा नको की वातानुकूलन नको. भिंत उंच हवी एवढंच.

तुमच्या वाड्यावर, देवळात, मंडळाकडे असा पडदा असेल तर इथे कळवा. गाव, पडद्यावर काय रंगवलं आहे आणि कुणी रंगवला ते आठवत असेल तर तेही. उलगडताना दोघांनी धरा, घडीवर रंग सुटतो. यादी मी करते, आणि ती घेऊन फोंड्यातल्या दालनाकडे जायचं काम माझं.