पट्टी धरून ठेव

७ जून २०२३ नंतरचा आठवडा माझ्या घरात फार शांत गेला. कोल्हापुरात धार्मिक तणावातनं शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. हे सगळं आपण पाहिलंय. माझ्या संगीताच्या क्लासला येणारी दोन पोरं, एक पेटी शिकणारा, एक तबला. दोन वर्षं एकाच सायकलवरनं डबलसीट यायची. त्या दिवसापासनं तबलावाला यायचाच बंद झाला. फोन केला तर म्हणाला, "बाई, घरातनं नको म्हणल्यात. जरा दिवस जाऊ देत." नावं सांगत नाही, कोण कुठल्या धर्माचा तेही नाही. सांगितलं की तुम्ही लगेच बाजू घ्याल.

तीन आठवड्यांनी आला. पेटीवाला आधीच बसलेला. दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. पाऊस लागलेला, दमट हवेनं तबला पार उतरलेला. मी म्हटलं, आधी मिळवून घ्या, मग बघू. आता तबला मिळवायचा म्हणजे दुसऱ्यानं पेटीवर काळी एक ही पट्टी दाबून धरायला लागते. हा भाता हलवत सूर धरून बसला, तो हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, ठोकत एकेक घर फिरला. ठोकायचं, कान लावायचा, परत ठोकायचं. पाच-सात मिनिटं कुणी बोललं नाही. मग पेटीवाला वर न बघताच म्हणाला, "त्या बाजूला उतरलाय अजून." "कुठं?" "तुझ्याकडंच्या घराला. चढव जरा."

तीन आठवड्यांतलं पहिलं बोलणं ते. मी आत चहा ठेवायला गेले, कारण मला रडू येत होतं.

तेव्हापासनं हे लिहायचं मनात आहे. गावात काही झालं की आपल्याकडं शांतता कमिटीची बैठक होते, मग एखादा सद्भावना कार्यक्रम. दोन भक्तिगीतं, एक कव्वाली, हार, फोटो. वाईट काहीच नाही त्यात. पण सूर एका संध्याकाळीत लागत नाही, हे गाणं शिकलेल्या कुणालाही विचारा. त्या दोघांना मी काही समजावलं नाही, मला ते जमलंही नसतं. दोन वर्षं एकमेकांचा सूर ऐकायची सवय हाताला होती, तीच कामाला आली.

जगात हे काम जिथं मनापासनं झालं तिथंही सवडीनंच झालंय. बोस्नियाच्या युद्धात मोस्तार शहराचे दोन तुकडे झाले. तिथं १९९७ मध्ये एक संगीत केंद्र उघडलं आणि युद्धानं हादरलेल्या मुलांसाठी म्युझिक थेरपिस्ट नेमले. थेरपिस्ट तिथं गाणं शिकवत नाही. मूल ढोलावर जसं बडवेल तसा तो त्याच्याबरोबर वाजवतो, हळूहळू दोघांची लय एक होते, आणि जे तोंडानं सांगता येत नाही ते आधी हातातनं बाहेर येतं. आठवड्यामागनं आठवडे. वाद्यवृंद संचालक डॅनियल बॅरेनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये इस्रायली आणि अरब तरुणांचा एकत्र वाद्यवृंद उभा केला. त्यानं तिथलं युद्ध थांबलं नाही. पण एकाच स्टँडवरची नोटेशन दोघांना वाचायला लागली, हेही खरं.

आणि संगीत आपोआप चांगलंच करतं असं मी मुळीच म्हणत नाही. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरनं द्वेषाची गाणी वाजत होती. आपल्याकडं मिरवणुकीत दुसऱ्याच्या दारासमोर मुद्दाम कुठली गाणी लावतात आणि आवाज कुठं वाढवतात, हे पेठेतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. ज्याचं दुकान फुटलं त्याला भरपाई पाहिजे, ज्यानं फोडलं त्याच्यावर केस पाहिजे. ते टाळून कुणी गाणं पुढं करत असेल तर मी त्या गाण्याला बसणार नाही.

पण हे कोल्हापूर आहे हो! शाहू महाराजांनी जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेबांना इथं दरबारात आणलं. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करत. धारवाडकडचे लिंगायत गायक मल्लिकार्जुन मन्सूर त्याच घरात शिकले, आधी खाँसाहेबांचे दुसरे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडं, मग भुर्जीखाँकडं. तेव्हा याला कुणी सलोख्याचा उपक्रम म्हणत नव्हतं. गुरू तिथं होता म्हणून शिष्य तिथं जात होता.

म्हणून माझं तालमींना आणि मंडळांना कळकळीचं सांगणं आहे. साऊंडवर जो खर्च होतो त्यातला थोडा बाजूला काढा आणि पेठेत बारा महिने चालणारा एक वर्ग सुरू करा. हलगी, पेटी, तबला, काहीही. अट एकच, दोन्ही मोहल्ल्यांतली पोरं एका सतरंजीवर बसली पाहिजेत. भांडण झाल्यावर नव्हे, आत्ता.

माझ्याकडं गुरुवारी संध्याकाळी सहाला अकरा पोरं येतात आणि पेट्या दोनच आहेत. कुणाच्या माळ्यावर जुनी पेटी पडून असेल तर कळवा. भाता फाटका असला तरी चालेल, मी करून घेते.