एजंट काय, उचलला आणि बसवला?

अमेरिका-इराण तापलं की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. युद्धाच्या काळात एफबीआयचे सगळे एजंट दहशतवाद्यांच्या मागे लावा, बाकीची कामं थांबली तरी काही बिघडत नाही, ट्रेनिंग सगळ्यांचं सारखंच, आणि वातावरण निवळलं की माणसं परत आपल्या जागी जातात. वाचायला भारी वाटतं, पण हे सगळं ११ सप्टेंबर २००१ नंतर करून झालंय राव.

हल्ल्यानंतर लगेच ४००० च्या वर एजंट त्या तपासात होते, त्याबद्दल वाद नाहीच, तेव्हा तेच करायला हवं होतं. पण "परत जातात" हे कुठून आलं? मे २००२ मध्ये तेव्हाचे डायरेक्टर रॉबर्ट म्युलर यांनी ५१८ एजंट कायमचे हलवायचं जाहीर केलं, बहुतेक सगळे दहशतवादविरोधी कामाकडे, आणि त्यातले ४०० ड्रग्जच्या तपासातले.

आता "काही बिघडत नाही" बघू. ड्रग्जसाठी निदान डीईए ही वेगळी एजन्सी तरी होती, आर्थिक गुन्ह्यांचं काय? २००४ मध्येच एफबीआयचे क्रिस स्वेकर उघड सांगत होते की गृहकर्जाच्या घोटाळ्यांची साथ येतेय, आवरायला पाहिजे. आवरणार कोण? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्या बचत-कर्ज संस्था बुडाल्या तेव्हा तपासाला हजारेक माणसं लावली होती, आणि २००७ मध्ये गृहकर्ज घोटाळ्यांवर होते साधारण १२० एजंट. २००८ चं संकट यामुळेच आलं असं मी म्हणत नाही, वॉल स्ट्रीटचं पाप एजंटांच्या माथी कशाला, पण लबाडांना मोकळं रान मिळालं ना.

ट्रेनिंगचं म्हणाल तर क्वांटिकोच्या एफबीआय अकादमीतलं सुरुवातीचं सारखं असतं, ठीक. पण २००४ च्या सरकारी ऑडिटमध्ये दहशतवादाशी संबंधित १,२०,००० तासांच्या वर रेकॉर्डिंग भाषांतराविना पडून असल्याचं निघालं, आणि ताळेबंद वाचणारा माणूस उचलून तिथे बसवल्याने ते ऐकून होणार नव्हतं, त्याला भाषा येणारीच माणसं लागतात. शाळेच्या मास्तरांना निवडणुकीच्या ड्युटीला लावतात तसं हे काम नाहीये.

आणि जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले झाले तेव्हा एफबीआयचे काही एजंट इमिग्रेशनच्या कामावरून परत दहशतवादाकडे वळवल्याच्या बातम्या होत्या. त्यांना तिकडे मुळात कोणी आणि कशाला धाडलं होतं, हे त्या फॉरवर्डवाल्यांनी विचारलं का?