जरा नजर टाक

ऑफिसात मला एक बिनपगारी हुद्दा आहे. कुणाचंही पत्र, परिपत्रक, निरोपाचं भाषण तयार झालं की ते माझ्याकडे येतं, सोबत तीन शब्द : 'जरा नजर टाक'. तेही नेमकं सहाला पाच कमी असताना.

दोष माझाच. काही वर्षांपूर्वी सूचना फलकावर कागद लागला होता, 'उद्या पाणि येणार नाही आणी याची सर्वांनी नोंद घ्यावी.' मी सहज बोलून गेलो, की 'पाणी' दीर्घ आणि 'आणि' ऱ्हस्व. शिवाय 'पाणि' म्हणजे हात. उद्या हात येणार नाहीत, असा अर्थ होतो. (दुसऱ्या दिवशी निम्मे हात खरोखरच आले नाहीत, ते सोडा.) लिहिणाऱ्याने विचारलं, "यमक जुळतंय ना? मग वेलांटी वेगळी कशाला?" मी सांगितलं, मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, 'आणि' अन् 'नि' तेवढे अपवाद. हे नियम शासनाने १९६२ साली मान्य केलेत, हेही ऐकवलं.

"मग तेव्हाच त्या दोघांना सरळ का नाही केलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हुद्दा मात्र मिळाला.

वेलांट्यांचं एक वेळ चालेल. माझा खरा राग आहे तो 'चूक झाली आहे' या वाक्यावर. फाइल गहाळ झाली, विलंब झाला, रक्कम दोनदा अदा झाली. 'चूक झाली'मध्ये कर्ता कोण? तर चूकच. ती आपली आपण झाली. माणूस वाक्यातून कधीच सटकून घरी गेलेला असतो. अशा मसुद्यांवर मी लाल शाईने लिहितो, 'कोणी केली?' आजवर एकाचंही उत्तर आलेलं नाही.

यंदा मार्चमध्ये, सहाला पाच कमी असताना, मोबाइलवर एक चित्र आलं. 'जरा नजर टाक.' बॅग खांद्याला होती, लिफ्ट समोर उघडी होती. मी अंगठा पाठवला आणि निघालो.

८ मार्चला दारावर हा भला मोठा फलक : 'जागतिक महिला दीन'. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बिचारा. लेखा विभागातल्या बाई फलकाखाली क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "राहू द्या. यंदाची पगारवाढ बघता बरोबरच आहे." साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला.

सहाला पाच कमी होते. मी लिहायला घेतलं, 'महोदय, फलकावर चूक झाली आहे.'